अर्ध्या टोपलीची वेळ

एखाद्या माणसाबद्दल लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही याची खात्री नसताना मी हे लिहीत आहे, म्हणून आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणाला सही करावी लागली नाही. बाबा वैनगंगेच्या घाटावर डोंगा चालवतात आणि त्यांचा अंगठा सगळीकडे चालतो. मी मराठी घेऊन बी.ए. करतो आहे, पण वर्गात ज्या माणसांची व्यक्तिचित्रं वाचली ती मोठ्या घरांची किंवा मोठ्या विद्येची होती. मला आठवतात ते गृहस्थ आरमोरीच्या बाजारात बंड्या शिवत. ज्योतिषावर तुझा विश्वास आहे का, असं मित्र विचारतात तेव्हा मला नीट उत्तर देता येत नाही. नाटकातलं फार कळतं असंही नाही. तरी या दोन गोष्टी ज्या माणसामुळे माझ्या डोक्यात एका जागी आल्या, त्याच्याविषयी दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

त्यांचं नाव केवळराम. सगळे त्यांना केवळभाऊ म्हणत. बाजाराच्या कडेला एक खोली, पुढच्या भागात शिवणयंत्र, मागच्या भागात चूल आणि एक पत्र्याची पेटी. बायको लग्नानंतर दोन वर्षांत तापाने गेली, मूल नव्हतं. मी ओळखू लागलो तेव्हापासून ते एकटेच रांधून खात. टोपीच्या कडेला सुया खोचलेल्या, कानामागे खडू. स्वतःच्या बंडीला चार गुंड्या चार रंगांच्या. कुणी हसलं तर म्हणत, दुसऱ्याच्या कपड्याचं उरलं ते माझ्या अंगावर येतं, त्यात माझा काय दोष.

शिवणकामात त्यांचं खरं नाव होतं ते पडद्यांसाठी. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की दंडारीचे खेळ आणि नाटकं सुरू होतात, आणि ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंतच्या मंडळ्या पडदा केवळभाऊंकडून शिवून नेत. त्यांचा पडदा ओढताना अडकत नाही अशी ख्याती होती.

दुसरं काम कुंडल्यांचं. एका पावसाळ्यात एक फिरता जोशी आजारी होऊन त्यांच्या दुकानात दोन महिने पडून राहिला होता. भाऊंनी त्याची सेवा केली आणि त्याच्याकडून पंचांग शिकून घेतलं. कुंडलीचे ते पैसे घेत नसत, दोऱ्याचं एक रीळ आणायला सांगत. कुंडली मांडायचे तीही शिंप्यासारखी. मांजरपाटाचा तुकडा मांडीवर घ्यायचे, खडूने चौकोन आखायचे, कर्ण ओढायचे, बारा घरं पाडायचे. सांगून झालं की कापड झटकायचे. जे ठेवायचं ते एका जाड वहीत उतरवलेलं असे.

त्यांच्याकडे एक खिशातलं घड्याळ होतं. बदली होऊन गेलेल्या एका रेंजरसाहेबांनी तंबू शिवल्याबद्दल दिलेलं. साखळी तुटली तेव्हा भाऊंनी काळा दोरा वळून त्याची साखळी केली. पण त्यांना कुणी किती वाजले असं विचारलं तर ते सावलीकडे पाहून सांगत. घड्याळ खिशातच राही. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "घड्याळ येळ पाहाले नसते बापू, येळ धराले असते."

वेळ धरायची म्हणजे जन्माची. आमच्याकडे मूल झालं की सुईण दाराबाहेर येऊन थाळी वाजवते. बाजारपेठेत कुठे थाळी वाजली की भाऊंचा पाय यंत्रावर थांबे, हात खिशात जाई. घड्याळ बाहेर, एक नजर, परत आत. कुणी सांगितलेलं नसे. पोराचा बाप महिन्याभराने रीळ घेऊन आला की वेळ तयार असे.

लांबच्या गावांना थाळी ऐकू येणार कशी? तिथल्यांसाठी त्यांची वेगळी रीत होती. माझी वेळ तशीच धरलेली आहे. बाबा दुसऱ्या दिवशी आरमोरीला गेले आणि म्हणाले, थाळी वाजली तेव्हा मी डोंग्यात उभा होतो आणि सूर्य पलीकडच्या पळसाच्या शेंड्याला होता. भाऊ दुकान बंद करून बाबांसोबत घाटावर आले. बाबांना डोंग्यात त्याच जागी उभं केलं, स्वतः मागे उभे राहिले आणि सूर्य शेंड्याला येईपर्यंत दोघंही हलले नाहीत. उतारू काठावर खोळंबले. बाबा अजून सांगतात, मी एवढा वेळ सरळ उभा आयुष्यात कधी राहिलो नव्हतो.

दुसऱ्याच्या वेळेसाठी एवढं करणाऱ्या या माणसाला स्वतःची कुंडली नव्हती.

त्यांची आई चैतात मोहफुलं वेचायला रानात गेली होती आणि तिथेच बाळंत झाली. सोबत कुणी नव्हतं, घड्याळ नव्हतं, थाळी नव्हती. तिला तिथी सांगता येत नव्हती, वर्षही नक्की नव्हतं; त्या वर्षी मोह फार पडला होता, एवढंच. वेळ विचारली की ती सांगे, टोपली अर्धी भरली होती. भाऊ सात-आठ वर्षांचे असताना ती गेली आणि मागे ही एवढीच वेळ राहिली.

हे साऱ्या बाजाराला माहीत होतं, कारण भाऊंनी एकदा त्याचा छडा लावायचं मनावर घेतलं होतं. चैतातल्या एका पहाटे ते घड्याळ आणि टोपली घेऊन आईच्या गावच्या रानात गेले. फुलं वेचायला बसले, टोपली अर्धी झाली तेव्हा घड्याळ पाहिलं. सव्वा तास. पण आईचा हात त्यांच्यापेक्षा चपळ असणार. मग त्यांनी गावातल्या एका बाईला वेचायला सांगितलं, तिला पाऊण तास लागला. दुसऱ्या झाडाखाली अर्धाच तास. आई घरून किती वाजता निघाली होती ते तर कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन दिवसांनी ते परत आले. पेटीतल्या वहीचं पहिलं पान त्यांनी स्वतःसाठी सोडलं होतं. वर 'केवळराम' असं नाव, खाली चौकोन, त्यात बारा घरं, आणि एकाही घरात काही नाही. ते तसंच राहिलं.

तेव्हापासून बाजारातले गाडीवान दुकानावरून जाताना ओरडत, "काऊन भाऊ, टोपली भरली का नाई?" भाऊ यंत्र न थांबवता म्हणत, "तुही भरली असन तं दे अर्धी." पण गाडीवान गेला की यंत्र थांबे. एकदा मी तिथे होतो. मी म्हटलं की कुंडली नसली तर काय बिघडलं, पुढचं कुणाला कळून काय होणार. ते म्हणाले, "मले पुढचं नाई पाहाचं. साऱ्या गावाचं पाहाले मी बाहेर बसलो आहो. या बारा घराईत मी कोन्या घरी आहो, एवढंच एकदा पाहाचं हाय."

भाऊ माणसांच्या मांडत तशा नाटकांच्याही कुंडल्या मांडत. नवीन नाटकाचा पडदा पहिल्यांदा उघडला की तो त्याचा जन्म. पडदा त्यांनीच शिवलेला असल्यामुळे त्यांना पुढे बसायचा मान होता आणि ते घड्याळ हातात घेऊन बसत. मग मंडळीच्या मालकाला सांगत, मंगळ सातव्यात आहे, या नाटकातलं भांडण घरातलं नाही, बाहेरून येणाऱ्या माणसाशी आहे, त्याची एन्ट्री आधी आणा. किंवा, चौथं घर बिघडलं आहे, आईची गाणी कमी करा. मालक हसत, पण बदल करून पाहत. एका गावात पडदा अर्ध्यावर अडकला. तो भाऊंचा नव्हता, दुसऱ्याने शिवलेला. प्रेक्षकांना फक्त नटांचे पाय दिसू लागले. भाऊंनी वहीत लिहिलं, पायाळू. पाय आधी बाहेर येऊन जन्मलेल्या मुलाला म्हणतात ते.

मी नागपूरला शिकायला गेलो आणि दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या नाट्यमंडळात ओढला गेलो. काम सामान उचलण्याचं असे. आमच्यात विनायक नावाचा मुलगा होता. हुशार, वाचणारा, बोलताना, ऐकताना डोळे मिटणारा. त्याने एक नव्या पद्धतीची एकांकिका लिहिली, 'वाढलेलं ताट'. बाप, मोठा मुलगा आणि शेजारी जेवायला बसले आहेत. चौथा पाट रिकामा, समोर वाढलेलं ताट. तिघं त्या पाटाशी बोलतात, भांडतात, आर्जवं करतात. कुणी येत नाही. त्याला पडदा नव्हता. प्रेक्षक यायच्या आधीच नट जागेवर बसलेले असत, आणि शेवटी उठून प्रेक्षकांतून चालत घरी निघून जात. सुरुवात आणि शेवट हे खोटे असतात, असं विनायकचं म्हणणं होतं. शेजाऱ्याचं काम करणारा आजारी पडला म्हणून ते माझ्याकडे आलं.

नागपुरात लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मराठीच्या सरांना वाटलं, हे खेड्यात करून पाहावं. मी भीत भीत आरमोरीचं नाव घेतलं.

आम्ही तिथे पोहोचलो ती दिवाळी. आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला तो त्याच आठवड्यात, त्यामुळे बाजारात त्याचीच चर्चा चालू होती. पाडव्याच्या दिवशी दुपारी बाजाराच्या ओट्यावर आम्ही पाट मांडले. गिरजाबाई नावाच्या बाई लाह्या-मुरमुऱ्यांचं दुकान लावत, त्यांच्याकडून भात आणि तुरीचं वरण आणलं. चार वाजता आम्ही तिघं जाऊन बसलो. लोक जमले. नागपूरचं नाटक म्हणून बरेच जमले. केवळभाऊ पुढे येऊन बसले आणि घड्याळ हातात घेतलं. मी समोर पाहायचं नाही असं ठरलं होतं, तरी मला दिसलं की ते पडद्याची दांडी शोधत आहेत.

बापाचं काम करणारा रिकाम्या पाटाकडे पाहून पहिलं वाक्य बोलला. मोठा मुलगा बोलला. मी बोललो. पंधरा मिनिटं झाली असतील. मागून एका गाडीवानाने अगदी साध्या, मदत मागावी तशा आवाजात विचारलं, "काऊन जी, नाटक कदी सुरू होते?"

भाऊंनी घड्याळ पाहिलं.

लोक हसले नाहीत. त्यांनाही तेच विचारायचं होतं. आम्ही पुढे चालू ठेवलं. थोड्या वेळाने गिरजाबाई गर्दीतून उठल्या, ओट्यावर चढल्या आणि एक रिकामी थाळी पालथी घालून त्यांनी ते चौथं ताट झाकून टाकलं. मोठ्या मुलाचं काम करणारा नट वाक्य विसरला. गिरजाबाई त्यालाच म्हणाल्या, "माश्या बसून राह्यल्या ना बापू. पोट्टा येईन तं काय खाईन?" आणि पदर सावरत जागेवर जाऊन बसल्या.

शेवटी आम्ही उठलो आणि लोकांमधून चालत निघून गेलो. लोक बसून राहिले. आम्ही भाऊंच्या दुकानामागे पोहोचलो तरी बाजारात कुणी हललं नव्हतं. नट आता तोंड रंगवून परत येतील आणि नाटक सुरू होईल, अशी त्यांची समजूत होती. अर्ध्या तासाने मला जाऊन सांगावं लागलं की झालं. एक म्हातारा म्हणाला, "होईन, आमी थांबतो." सरांनी हे नंतर बऱ्याच वेळा इतरांना सांगितलं. बाईने प्रयोग मोडला, असं विनायक त्या दिवशी म्हणाला. माझा मुलूख, माझी माणसं, म्हणून मला तोंड वर करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी आम्हाला चहाला बोलावलं. मांजरपाटाचा तुकडा आधीच मांडीवर होता. त्यांनी विनायकला जवळ बसवलं आणि म्हणाले, "तुमच्या नाटकाले पडदा नोता. आता सारे असंच कराले लागले तं मी खाऊ काय?"

विनायक हसला नाही. त्याला ज्योतिषाचा तिटकारा होता. तो म्हणाला, "पडदा नाही म्हणजे जन्मवेळ नाही. म्हणजे तुमची कुंडलीही नाही."

"मी बी रातभर तेच म्हनत होतो," भाऊ म्हणाले. "मंग ध्यानात आलं. बैल हरवला तं बैलाची जल्मयेळ कोन सांगते? मालक ज्या येळी येऊन इचारते का बैल कुठी हाय, त्या येळेची कुंडली मांडा लागते. प्रश्नकुंडली. तुमचं नाटक आधीपासून चालूच होतं. पन ते आमच्यासाठी जल्मलं कवा? तो गाडीवाला इचारला ना, नाटक कदी सुरू होते, तवा. चार वाजून एकवीस."

त्यांनी खडूने घरं पाडली. मीन लग्न आलं होतं. दुसऱ्या घरावर बोट ठेवून ते म्हणाले की हे घर कुटुंबाचं, बोलण्याचं आणि अन्नाचं. पाहा, यात एकही ग्रह नाही. तुमचा रिकामा पाट तो हा. पण पत्रिकेत रिकामं घर खरोखर रिकामं नसतं. त्याचा मालक कुठेतरी दुसऱ्या घरी बसलेला असतो, तो शोधायचा. या घरात मेष रास, तिचा मालक मंगळ, तो इथे बाराव्यात. बारावं घर दूरदेशाचं, खर्चाचं, गेलेल्याचं. मग ते आमच्याकडे न पाहता म्हणाले, गिरजाबाईंचा धाकटा चार वर्षांपूर्वी माजरीच्या कोळशाच्या खाणीवर गेला, त्याचं पत्र नाही.

विनायकने डोळे उघडले.

"आनखी एक हाय," भाऊ म्हणाले. "ग्रह घरात नसला तरी त्याची नजर पडते. दृष्टी म्हनतात. या रिकाम्या घरावर समोरून चंद्राची दृष्टी हाय. चंद्र आठव्यात, लपल्या घरात, पन पाहून तिकडंच राह्यला. चंद्र म्हंजे आई. तुमच्या नाटकात आई नोती ना?"

विनायक म्हणाला, "नव्हती."

"काऊन नोती?"

विनायकने मांजरपाटावरच्या त्या घराकडे पाहिलं. मग खरं सांगून टाकलं. पहिल्या खर्ड्यात आई होती. तिचं काम करायला मुलगी मिळाली नाही, म्हणून त्याने आई काढून टाकली आणि शेजारी घातला.

"मंग ती लोकाईतून आली," भाऊ म्हणाले. "प्रयोग मोडला म्हनू नका. बाई नाटकाच्या बाहेर नोती. आमी सारे त्या ताटाकडं पाहून राह्यलो होतो. एकीची नजर उठून आली."

सरांनी वही काढून काहीतरी लिहून घेतलं. विनायकने तो खडूचा मांजरपाट मागितला. भाऊंनी तो झटकला नाही, तसाच घडी करून दिला. विनायकच्या खोलीत तो अजून आहे. पुढे नागपुरात त्याने त्या ताटाशेजारी मुद्दाम एक रिकामी थाळी ठेवायला सुरुवात केली. तिथे ती झाकायला कुणी उठलं नाही.

आम्ही निघताना भाऊ यंत्रावर बसले होते, पण शिवत नव्हते. मला म्हणाले, "तुळशीराम, प्रश्नकुंडली मी आजवर ढोरासाठीच मांडली. बिनजल्माच्या नाटकाची मांडता येते, तं मानसाची काऊन नाई?" मला लगेच कळलं नाही. ते पुढे म्हणाले की त्याला दोन अटी आहेत. विचारणाऱ्याने स्वतःसाठी विचारता कामा नये, माझ्याबद्दल विचारलं पाहिजे. आणि त्याला उत्तर खरंच हवं असलं पाहिजे. टोपली भरली का, हे चालत नाही.

मला ते सोपं वाटलं. मी तिथल्या तिथे म्हटलं, "भाऊ, तुमचं पुढे काय होईल?"

त्यांचा हात खिशाकडे गेलाच नाही. ते हसले आणि म्हणाले, "हा तू पाठ केलेला संवाद बोलला. प्रश्न असा ठरवून येत नाई."

त्यानंतरच्या प्रत्येक सुटीत मी त्यांच्या दुकानात बसत असे, आणि आता माझ्या लक्षात येऊ लागलं की तिथे प्रश्नांची रीघ लागलेली आहे, पण भाऊंबद्दल एकही नाही. येणारा माणूस टेकायच्या आत बोलायला लागे. म्हैस कधी विणार, पोरगी नांदेल का, पोराची नोकरी लागेल का. चांगली माणसं होती सगळी. कुणी पेरू आणी, कुणी रीळ. बंडीच्या मापासाठी हात वर करून उभे असतानाही आपलंच सांगत. एकदा भाऊंना दोन दिवस ताप होता, डोळे लाल झाले होते. त्या दिवशी सात माणसं आली, सातही जण आपलं विचारून गेले. मीही त्यांना माझ्या परीक्षेचं विचारलं. हे मला नंतर आठवलं.

माझी बोली या वर्षांत बदलत गेली होती. गावात आलो की मी 'नाई'ऐवजी 'नाही' म्हणू लागलो होतो, आणि आई माझ्याशी जरा जपून बोलत असे. भाऊंना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणत, कापड तेच आहे, शिलाई शहरातली झाली.

गेल्या वर्षी उन्हाळ्याची सुटी संपवून मी नागपूरला निघालो. बाबांनी वडश्यापर्यंतच्या मोटारीत बसवून दिलं. वडश्याच्या स्टेशनवर बाकावर केवळभाऊ बसले होते. त्यात नवल नव्हतं, ते आठ-पंधरा दिवसांनी स्टेशनच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवायला तिथे येत. फार वाळले होते. टोपीच्या कडेला एकच सुई होती. मी विचारलं नाही. माझ्याजवळ आईने दिलेलं गाठोडं होतं, शेवटच्या वर्षाच्या फीची काळजी होती, आणि नागभीडला गाडी बदलताना पुस्तकांची ट्रंक कशी न्यायची याचा विचार चालू होता. त्यांनी ट्रंक उचलून खिडकीतून आत लोटायला मदत केली, आणि त्यात त्यांना दम लागला.

गाडी हलली. आईचं गाठोडं माझ्या मांडीवर होतं, त्यातल्या रोडग्यांचा वास आला. मला एकदम दिसलं की बाकावर, त्यांच्याजवळ, काहीच नाही. पिशवी नाही, डबा नाही. आरमोरीहून ते पहाटेच निघाले असणार. मी खिडकीतून वाकून, कॉलेजची शिलाई विसरून, विचारलं, "भाऊ, जेवले का जी?"

त्यांनी खिशातून घड्याळ काढलं आणि पाहिलं. मला वाटलं, गाडी वेळेवर सुटली का ते पाहत आहेत. मग त्यांनी घड्याळ धरलेला तोच हात वर केला. काळ्या दोऱ्याची साखळी खाली लोंबत होती. वळणावर स्टेशन दिसेनासं झालं.

मी शेवटच्या वर्षात खोली बदलली होती, त्यामुळे पत्र दोन ठिकाणी फिरून दसऱ्यानंतर मला मिळालं. आमच्या गावच्या शाळेच्या गुरुजींच्या अक्षरात, बाबांच्या सांगण्यावरून लिहिलेलं. घरचं क्षेम होतं. धान बरं होतं. केवळभाऊ पोळ्याच्या आदल्या दिवशी वारले. गिरजाबाई सकाळी मुरमुरे द्यायला गेल्या तेव्हा यंत्रावर डोकं टेकून बसलेले दिसले. बाजार बंद होता, माणसं पुष्कळ आली. पेटीतल्या वहीची पानं फाडून कुंडल्या ज्याच्या त्याला वाटून दिल्या. बाबा माझी घेऊन आले आहेत.

शेवटी गुरुजींनी स्वतःहून चार ओळी घातल्या होत्या. वहीच्या पहिल्या पानावर तुझं नाव आहे, अर्थ लागला नाही, तेव्हा आहे तसं उतरवून पाठवतो, असं म्हटलं होतं. खाली कुंडलीचा चौकोन काढला होता. नऊही ग्रह आपापल्या घरांत मांडलेले होते. वर आणि खाली भाऊंचे शब्द होते.

'केवळराम. जन्मस्थळ वडसा स्टेशन. वेळ सकाळी दहा वाजून सतरा मिनिटं. लग्न सिंह. विचारणार तुळशीराम. प्रश्न, जेवले का जी. उत्तर द्याचं राह्यलं, गाडी सुटली होती. नाई जेवलो.'